दडलेला ‘मी’ डोळे मिटून का सापडत नाही? फिलॉसॉफिकल प्रॅक्टिसबद्दल, सोप्या भाषेत

स्वतःला ओळखायचं म्हटलं की बहुतेक जण आधी काय करतात तर डोळे मिटून बसतात आणि आत बघायला लागतात. त्यात वाईट काही नाही, मन शांत होतं, धावपळ जरा थांबते. पण एक अडचण आहे जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, ती म्हणजे आत बघून जे दिसतं ते खरं असेलच असं नाही. १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक पेपर आला, त्यातला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. टेबलावर ओळीने चार जोड स्टॉकिंग्ज मांडले आणि लोकांना सांगितलं की यातला सगळ्यात चांगला निवडा. चारही जोड अगदी एकसारखे होते. लोकांनी सगळ्यात उजवीकडचा जोड डावीकडच्यापेक्षा जवळपास चौपट वेळा निवडला, पण का निवडला असं विचारल्यावर जागेचं नाव एकानेही घेतलं नाही, आणि “कुठे ठेवलाय त्याचा परिणाम झाला असेल का” असं थेट विचारलं तर जवळजवळ सगळेच म्हणाले, छे, अजिबात नाही.

ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपण स्वतःबद्दल जी कारणं देतो ती बऱ्याचदा आत डोकावून आणलेली नसतातच, इकडून तिकडून ऐकलेल्या, पटण्यासारख्या कारणांचा एक साठा आपल्याकडे असतो त्यातून ती उचललेली असतात, आणि उचलताना आपल्याला पत्ताही लागत नाही. मग आत बघून सापडत नसेल तर हा दडलेला मी शोधायचा कुठे?

मला वाटतं तो आपल्या गृहीतकांमध्ये शोधायचा. म्हणजे अशा समजुती, ज्या आपण कधी मोठ्याने बोललेलो नाही, कदाचित मनातसुद्धा शब्दांत मांडलेल्या नाहीत, पण आपलं वागणं, चिडणं, खूश होणं, लाजणं सगळं त्यांच्यावर उभं असतं. लहान मूल व्याकरण न शिकता बरोबर बोलतं ना, नियम त्याच्या प्रत्येक वाक्यात असतो पण त्याला विचारलं तर सांगता येणार नाही, तसंच हे आहे. माणूस कसा असावा, प्रेम म्हणजे काय, कोण मोठं कोण लहान, वेळ वाया जाणं म्हणजे नेमकं काय, या सगळ्याची उत्तरं आपण रोज वागून देतच असतो, फक्त आपण ती कधी वाचलेली नसतात. आणि गृहीतक बाहेर काढायचं, नीट मांडायचं, ते टिकतं का बघायचं, हे काम जगात सगळ्यात जास्त काळ कोणी केलं असेल तर तत्त्वज्ञानाने. म्हणून तत्त्वज्ञान हा स्वतःला शोधण्याचा एक रस्ता आहे असं मी म्हणतो, तत्त्वज्ञान असं रोजच्या जगण्यात वापरण्यालाच फिलॉसॉफिकल प्रॅक्टिस म्हणतात, आणि हे फक्त पुस्तकी लोकांसाठी आहे असं मला अजिबात वाटत नाही.

सुरुवात अर्थातच सॉक्रेटिसपासून. प्लेटोचा ‘लाकेस’ नावाचा एक संवाद आहे, तो सुरू होतो एका अगदी व्यवहारी प्रश्नाने, की मुलांना चिलखत घालून लढायचं शिक्षण द्यावं का. तिथे निकियास नावाचा सेनापती इतरांना आधीच सावध करतो की बाबांनो, सॉक्रेटिसशी कुठल्याही विषयावर बोलायला बसा, तो फिरवत फिरवत तुम्हाला अशा ठिकाणी आणतो की शेवटी तुम्ही स्वतःचाच हिशोब द्यायला लागता, आज कसे जगताय आणि आजवर कसे जगलात त्याचा. आणि पुढे म्हणतो की मला याची सवय आहे, मला हे आवडतं. मला तर फिलॉसॉफिकल प्रॅक्टिस काय असते ते या एवढ्यातच सगळं आलं असं वाटतं, विषय बाहेरचा असतो, प्रश्न साधे असतात, आणि उघडा पडतो तो बोलणारा माणूस.

नंतरच्या ग्रीक आणि रोमन तत्त्वज्ञांनी याचा रीतसर सराव केला. पिएर आदो (१९२२–२०१०) या फ्रेंच अभ्यासकाने आयुष्यभर हेच दाखवून दिलं की त्या काळी तत्त्वज्ञान म्हणजे आधी जगण्याची पद्धत होती, त्यात रोज करायचे व्यायाम होते, आणि सिद्धांत त्या व्यायामांच्या कामी यायचे. पुढे विद्यापीठांमध्ये सिद्धांत राहिले आणि व्यायाम बाजूला पडले. ते परत आणायचा प्रयत्न विसाव्या शतकात झाला. लिओनार्ड नेल्सन या जर्मन तत्त्वज्ञाने १९२२ साली ग्योटिंगेनमध्ये सॉक्रेटिसच्या पद्धतीवर एक व्याख्यान दिलं, त्याची पद्धत मी खाली सांगतोच कारण तीच सगळ्यात उपयोगी आहे. मग १९८१ मध्ये गेर्ड आखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने कोलोनजवळच्या बेर्गिश ग्लाडबाख गावात चक्क फिलॉसॉफिकल प्रॅक्टिस उघडली, डॉक्टरची किंवा वकिलाची असते तशी, लोक यायचे आणि आपला प्रश्न घेऊन तत्त्वज्ञाशी बोलायचे. पॅरिसमध्ये मार्क सोते या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९९२ पासून कॅफेत बसून सगळ्यांसाठी खुल्या चर्चा सुरू केल्या. आज बऱ्याच देशांत हे चालतं, प्रत्येकाची पद्धत वेगळी, आखेनबाख तर म्हणतो की ठरलेली पद्धत असूच नये.

आता नेल्सनची गोष्ट. त्याचं म्हणणं असं की आपण एखाद्या प्रसंगात जो निर्णय घेतो, जे मत देतो, त्याच्या मागे मागे जात राहिलं की कुठलं तत्त्व आपण न सांगता धरून चाललोय ते दिसायला लागतं. म्हणून सुरुवात कायम खऱ्या घडलेल्या प्रसंगापासून करायची, “समाजात असं असतं”, “माणसाचा स्वभावच असा” अशा वाक्यांपासून नाही. हे ऐकायला सोपं आहे आणि करायला फार कठीण, कारण आपल्याला सगळ्यांना मोठी वाक्यं बोलायला आवडतं.

एक उदाहरण घेऊ, जरा सविस्तर, कारण उदाहरणाशिवाय हे कळत नाही.

समजा एक बाई आहे. ती आजारी पडली, तिच्या जागी ऑफिसमधल्या मैत्रिणीने दोन दिवस काम सांभाळलं. बरी होऊन आल्यावर या बाईने काय केलं, तर मैत्रिणीसाठी गिफ्ट आणलं, तिचं एक मोठं काम स्वतःकडे ओढून घेतलं, आणि हे सगळं होईपर्यंत तिला चैन पडलं नाही. कोणी विचारलं तर ती म्हणेल, मी अशीच आहे, मला कोणाचं ठेवायला आवडत नाही. बहुतेक जण इथे थांबतात, कारण ‘मी अशीच आहे’ हे वाक्य ऐकायला उत्तरासारखं वाटतं.

आता विचारू. चैन पडत नव्हतं म्हणजे नेमकं काय होत होतं? मैत्रिणीचं ऋण डोक्यावर आहे असं वाटत होतं. ऋण असलं तर काय बिघडतं? ती कधीतरी बोलून दाखवेल. तिने आजपर्यंत कधी बोलून दाखवलंय का? नाही, ती तशी नाहीच. मग ती बोलून दाखवणार नाही हे पक्कं असतं तर चैन पडलं असतं का? (इथे जरा वेळ जातो.) नाही, तरी पडलं नसतं. मग भीती बोलून दाखवण्याची नाहीये, दुसरी कशाची तरी आहे. मी तिच्यापेक्षा खाली आहे असं वाटतं. म्हणजे मदत घेणारा खाली जातो? हो, असंच काहीतरी.

आणि मग तो प्रश्न येतो ज्यासाठी हे सगळं चाललं होतं. तुम्ही तर सगळ्यांना इतकी मदत करता, सगळे तुमचं नाव घेतात, मग तुम्ही ज्यांना मदत करता ते तुमच्यापेक्षा खाली आहेत का?

या प्रश्नावर माणूस गप्प होतो. कारण ‘हो’ म्हणावं तर आपलं चांगुलपण म्हणजे वर राहण्याची सोय होती हे मान्य करावं लागतं, आणि ‘नाही’ म्हणावं तर मैत्रिणीची मदत घेऊन आपण खाली गेलो हे म्हणणं पडतं. दोन्ही एकत्र धरता येत नाहीत. इतकी वर्षं ते दोन्ही धरलेले होते आणि चाललं होतं, कारण एकमेकांसमोर कधी आणलेच नव्हते.

एखाद्या समजूतदार मित्राने, चांगल्या समुपदेशकाने इथपर्यंत आणलं असतं हे खरं. तत्त्वज्ञानाचं खास काम इथून पुढे सुरू होतं. कारण आता कळतं की “घेणारा खाली, देणारा वर” ही काही या बाईची खासगी विकृती नाही, हे एक जुनं आणि भारदस्त तात्त्विक मत आहे. अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’ या नीतीवरच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात थोर मनाच्या माणसाचं वर्णन केलंय, तो माणूस उपकार करायला पुढे असतो पण घ्यायला त्याला लाज वाटते, कारण करणं हे वरच्याचं लक्षण आणि घेणं हे खालच्याचं. एवढंच नाही, तो फेडताना घेतलं त्यापेक्षा जास्त फेडतो म्हणजे मूळ देणाराच उलटा त्याचा ऋणी होतो. गिफ्ट आणि वर मोठं काम! आपली बाई दोन हजार वर्षांपेक्षा जुन्या एका युक्तिवादाच्या आत राहत होती आणि तिला माहीतच नव्हतं.

आणि मत म्हटलं की त्याला विरोधी मतही असतं. रोमन तत्त्वज्ञ सेनेका उपकारांवरच्या आपल्या ग्रंथात नेमकं उलट बोलतो, की जो फेडायची फार घाई करतो तो नाइलाजाने ऋणी असतो, आणि नाइलाजाने ऋणी असणारा हा कृतघ्नच. त्याच्या मते घेतलेलं मोकळ्या मनाने घेणं, काही काळ ते ऋण आनंदाने बाळगणं, हीसुद्धा परतफेडच आहे. आता त्या बाईसमोर दोन खरी मतं आहेत, दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि तिला पहिल्यांदाच ठरवता येतं. कदाचित ती अ‍ॅरिस्टॉटलच्याच बाजूने राहील, म्हणेल मला स्वाभिमान जास्त महत्त्वाचा आहे. चालेल की. फरक एवढाच की आधी ते मत तिला चालवत होतं, आता ते तिचं स्वतःचं आहे. माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, म्हणूनच या विषयावर मी एवढ्या तळमळीने लिहितोय.

रान लहाव नावाचा एक इस्रायली तत्त्वज्ञ आहे, त्याने बरीच वर्षं हेच काम केलं. त्याचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर प्रत्येक माणूस आपल्या ठरावीक समजुतींच्या कुंपणात राहतो. कुंपण दिसत नाही पण ते कुठे आहे हे आपल्या सवयींवरून ओळखता येतं, तेच तेच भांडण, तीच तीच पळवाट, एकाच प्रकारच्या माणसावर दरवेळी येणारा राग. फिलॉसॉफिकल प्रॅक्टिसचं पहिलं अर्धं काम म्हणजे कुंपण शोधणं, आणि दुसरं अर्धं म्हणजे कुंपणाबाहेर आपलं काय आहे ते बघणं. कारण कधी कधी माणूस आपल्या नेहमीच्या नमुन्याच्या बाहेर वागतोही. त्याच बाईने कधीतरी कोणाकडून तरी अगदी सहज काहीतरी घेतलेलं असेल, ना फेडायची घाई ना अवघडलेपण. तो प्रसंग आठवायचा, त्यावर बोलायचं. दडलेला मी म्हणजे फक्त आतला गोंधळ नसतो, आपल्यात असलेली पण फारशी न वापरलेली मोठी बाजूही असते, आणि ती बहुतेक वेळा अशा अपवादांत दिसते.

आता सगळ्यात कठीण प्रश्न, की गृहीतकं बाजूला केली तर मागे खरा मी उरतो का. इथे मोठे मोठे लोक एकमेकांशी सहमत नाहीत. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात एक जबरदस्त कथा आहे. देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन दोघं प्रजापतीकडे आत्मा म्हणजे काय ते शिकायला जातात, ३२ वर्षं राहतात, मग प्रजापती त्यांना पाण्याने भरलेल्या भांड्यात बघायला सांगतो, छान कपडे-दागिने घालून परत बघायला सांगतो, आणि म्हणतो हाच आत्मा. दोघं समाधानाने निघतात. विरोचन घरी जाऊन असुरांना सांगतो, शरीर हाच आत्मा, विषय संपला. इंद्र मात्र अर्ध्या वाटेतून परत येतो, कारण त्याच्या डोक्यात येतं की शरीर सजलं की प्रतिबिंब सजतं, मग शरीर आंधळं झालं तर हा आत्माही आंधळा होणार, शरीर नष्ट झालं तर हाही जाणार, यात मला काही भलं दिसत नाही. परत ३२ वर्षं. मग उत्तर मिळतं स्वप्नातला मी, तेही घेऊन निघतो आणि वाटेत त्यातलीही खोट दिसते. परत ३२ वर्षं. मग गाढ झोपेतला मी, पण इंद्र म्हणतो तेव्हा तर ‘हा मी’ एवढंही कळत नाही, म्हणजे नाहीसं झाल्यासारखंच. मग आणखी ५ वर्षं, एकूण १०१.

लोक या कथेतलं शेवटचं उत्तर सांगतात, की शरीरापलीकडे एक खरा ‘मी’ आहे, मला इंद्राचं परत येणं जास्त मोलाचं वाटतं. विरोचन काही आळशी नव्हता, ३२ वर्षं तोही राहिला होता. पण मिळालेलं उत्तर त्याने तपासलं नाही. इंद्राने प्रत्येक उत्तर चालता चालता तपासलं आणि पटेना तसा गुरूकडे परत गेला. हाच तर सराव.

दुसऱ्या बाजूला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आहे, १७३९ साली त्याने लिहिलं की मी ‘स्वतः’ म्हणतात त्याच्यात कितीही शिरून बघितलं तरी दरवेळी काही ना काही संवेदनाच हाती लागते, गरम, थंड, उजेड, सावली, सुख, दुःख, पण ‘मी’ एकटा असा कधी सापडत नाही. बुद्धाने तर त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं की शरीर, वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (जाणीव) यातल्या कशालाही “हे माझं, हा मी” म्हणता येत नाही. मग कोण बरोबर? यात घाईने बाजू घेऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सराव सुरू करायला हा वाद सुटायची गरज नाही, कारण उपनिषद असो, बुद्ध असो की ह्यूम, पहिली पायरी सगळ्यांची एकच आहे, ज्याला तुम्ही बिनधास्त ‘मी’ म्हणताय ते जरा तपासून बघा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हे उपचार नाहीत. झोप उडालीये, आठवडेच्या आठवडे मन काळवंडलंय, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय, तर आधी डॉक्टरकडे जा, तिथे गृहीतकं तपासत बसायचं नसतं. आणि स्वतःला तपासणं आणि स्वतःला कुरतडणं यातही फरक आहे. कुरतडताना तेच वाक्य शंभर वेळा फिरतं आणि शेवट नेहमी “मी वाईट” इथे होतो, तपासताना प्रत्येक प्रश्नाला नवं उत्तर येतं आणि आधी माहीत नसलेलं काहीतरी समोर येतं. पंधरा-वीस मिनिटांत नवीन काहीच आलं नाही तर त्या दिवशी थांबलेलं बरं.

सुरुवात कशी करायची? सेनेकाने रागावरच्या ग्रंथात स्वतःची सवय सांगितलीये, रात्री दिवा काढून नेला की त्याची बायको गप्प होई कारण तिला ही सवय माहीत होती, आणि तो अख्खा दिवस डोळ्यासमोरून घालवायचा, काहीही न लपवता. तो नोंद काय करतो बघा, अमक्या वादात तू जास्तच चढ्या आवाजात बोललास, तमक्याला तू गरजेपेक्षा स्पष्ट बोललास आणि त्यामुळे तो सुधारला तर नाहीच, उलट दुखावला. म्हणजे ठोस प्रसंग, आणि सूर शिक्षेचा नाही. वर हेही म्हणतो की या वेळी तुला माफ करतो, पुन्हा करू नकोस. याला नेल्सनचे प्रश्न जोडा. दिवसातला एकच प्रसंग घ्या, जिथे तुमची प्रतिक्रिया प्रसंगापेक्षा मोठी होती. ‘मला असं वाटलं कारण’ असं लिहा, मग त्या कारणाच्या मागचं कारण, मग त्याच्याही मागचं, आणि जे वाक्य सगळ्या माणसांबद्दल असेल तिथे थांबा. “ज्याची चूक होते त्याला मान नसतो.” “प्रेम असेल तर सांगावं लागत नाही.” असलं काहीतरी निघतं. मग ते वाक्य दुसऱ्या कोणालातरी लावून बघा, तुमच्या आवडत्या माणसाला लावा, तरी पटतं का बघा. आणि त्या प्रश्नावर कोणी काय विचार केलाय ते थोडं वाचा, दोन-चार पानंसुद्धा पुरतात, फक्त आपल्या विरोधातलं आवर्जून वाचा.

एकट्याने हे थोडंच अंतर जातं, त्या स्टॉकिंग्जवाल्या लोकांसारखं आपणही आपल्याला पटेल ते कारण देऊन मोकळे होतो. म्हणून एक तरी जोडीदार हवा, आणि तो निवडताना माझं मत असं की सगळ्यात जवळचं माणूस घेऊ नये, तुम्ही जसे आहात तसेच राहावं यात त्याला थोडा रस असतो, आणि तुमच्या उत्तरांत त्याचाही जीव गुंतलेला असतो. सल्ला न देता प्रश्न विचारू शकणारं, “म्हणजे काय?” असं परत परत विचारायला न कंटाळणारं माणूस बघा. आधीच ठरवून घ्या की एक बोलेल आणि दुसरा फक्त विचारेल, अर्ध्या तासाने अदलाबदल, आणि जे बोललं जाईल ते दोघांतच राहील. पहिल्या काही वेळा फार अवघडल्यासारखं होतं, विचारणाऱ्याला सल्ला द्यायची घाई होते आणि उत्तर देणारा विषय बदलतो. विषय नेमका कुठे बदलला ते दोघांनी लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं.